कांद्याची पत्ती : राखण आणि पोषण

उन्हाळ कांद्याला शेवटचे पाणी दिले की रोगांचा हंगाम संपला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात साठवणुकीतील सडीचे भवितव्य बरेचसे काढणीच्या तोंडावरच ठरते, आणि ग्राहकाच्या ताटात काय पडते तेही त्यावरच अवलंबून असते.

लिलावात जिला ‘पत्ती’ म्हणतात ती कांद्याची बाहेरची सुकी, रंगीत साल म्हणजे निव्वळ वेष्टन नव्हे. 1929 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉकर, लिंक आणि अँजेल यांनी रंगीत कांद्याच्या सालीतून प्रोटोकॅटेच्युइक आम्ल वेगळे काढले आणि सालीवर काळसर डाग पाडणाऱ्या कोलेटोट्रिकम बुरशीचे बीजाणू या द्रव्यामुळे रुजत नाहीत, हे दाखवले. पांढरा कांदा या रोगाला सहज बळी का पडतो, याचा उलगडा त्यातून झाला. क्वेर्सेटिन हे ऑक्सिडीकरणाला आळा घालणारे द्रव्यही रंगीत कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांतच अधिक असते आणि पांढऱ्या कांद्यात ते नाममात्र असते. त्यामुळे जाड सोललेल्या सालीबरोबर त्याचा मोठा वाटा कचऱ्यात जातो. कांद्यातील फ्रुक्टान हे तंतुमय पदार्थ आतड्यातील उपकारक जिवाणूंचे खाद्य ठरतात. मात्र कांदा हा पोषक आहार आहे, औषधाला पर्याय नव्हे, याचे भान प्रचारात सुटता कामा नये.

पत्तीची ही राखण मानेपाशी उघडी पडते. फुलकिड्यांनी खरवडलेल्या पातीवर जांभळा करपा, म्हणजे मध्यभागी जांभळट होत जाणारे लांबट चट्टे पाडणारा अल्टर्नेरिया बुरशीचा रोग, लवकर बळावतो आणि पात अकाली वाळून कांदा पोसत नाही. उशिरा दिलेल्या युरियाने मान जाड व ओली राहते, आणि अशा मानेतून किंवा काढणीतील जखमांतून शिरलेली सड चाळीत पसरते. सालीखाली काजळीसारखी भुकटी धरणारी काळी बुरशी तर लाल कांद्यालाही सोडत नाही.

म्हणून निम्म्या माना पडल्यावर काढणी करणे, कांदा पातीसह शेतात सुकवणे, अडीच-तीन सेंटिमीटर मान राखून पात कापणे आणि नंतर सावलीत पत्ती खडखडीत वाळू देणे, ही कामे रोगनियंत्रणाच्या वेळापत्रकात फवारणीच्या बरोबरीने मांडली गेली पाहिजेत. मान ओली राहिलेला माल चाळीत न भरता आधी विकणे हाच त्यातला सर्वांत स्वस्त उपाय होय, आणि कृषी सल्लागारांनी तो काढणीपूर्वीच उत्पादकांपर्यंत पोहोचवला पाहिजे.