वाजवून झालं की आधी फडकं

उज्जैनच्या जुन्या मराठी घरांत कपाटावर गवसणी घातलेला तंबोरा दिसायचा. आता दाराआड गिटार टेकवलेली असते. तंबोऱ्याला हात लावायचा तर आधी हात धुवावे लागत. आजोबांची नजरच तशी असायची. गिटारीला असा कुणाचा धाक नाही. सकाळची पोहे-जिलबी झाली की बोटं तशीच तारांवर, संध्याकाळी शेवेची पुडी संपली की पुन्हा तशीच. म्हणून पहिली विनंती साबणाची आहे. बाकीचं सगळं त्यानंतर.

गिटार किती दिवसांनी पुसायची, असं पालक विचारतात. तारा दर वेळी पुसायच्या, वाजवून झालं की लगेच. घामात मीठ असतं आणि त्यानं पोलाद गंजतं. जाड तारांवर गुंडाळलेल्या बारीक तारेच्या वेढ्यांत मळ बसला की आवाज बद्द होतो. त्यासाठी बाजारात जायला नको. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती बनियनचा तुकडा घ्या. तो तारेखालून घालून चिमटीत धरा आणि ब्रिजपासून नटपर्यंत ओढा. सहा तारा, एक मिनिट. अंगठा फिरतो ती नेकची मागची बाजू आणि उजवा हात टेकतो ती कडही जाता जाता पुसून घ्या. फडकं गिटारच्या पेटीतच ठेवा, नाहीतर ते स्वयंपाकघरात जातं आणि परत येत नाही.

पुसूनही तारेच्या खालच्या बाजूला बोट फिरवल्यावर खरखर लागली किंवा सूर सारखा उतरायला लागला, तर तारा बदला. रोज तासभर वाजवणाऱ्यानं दोन-तीन महिन्यांचा हिशेब धरावा. फ्रेटबोर्ड साफ करायची वेळही हीच. साधी अकूस्टिक गिटार असेल तर सगळ्या तारा एकदम काढल्यानं काही बिघडत नाही. हलणाऱ्या स्प्रिंगचं ब्रिज असलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारा मात्र एकेक करूनच बदला. फ्रेटच्या कडेला साचलेली काळी रेघ जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं अलगद खरवडायची, मग किंचित ओलं, घट्ट पिळलेलं फडकं फिरवून लगेच कोरडं करायचं.

इथे एक कबुली देतो. शाळेत असताना मी फ्रेटबोर्डला खोबरेल तेल चोपडलं होतं. दोन दिवस लाकूड झळझळीत दिसलं. महिन्याभरानं त्यावर धूळ चिकटून असा थर झाला, की बोट सरकेना, वर खवट वास. खाण्याचं तेल लाकडावर खवटतं आणि चिकट होतं. रोजवुड किंवा एबनीसाठी फ्रेटबोर्डचंच तेल मिळतं. वर्षातून एकदा-दोनदा, चार थेंब, आणि उरलेलं पुसून काढायचं. मेपलच्या, वार्निश केलेल्या पिवळसर फ्रेटबोर्डला तेल लागतच नाही. काच पुसायचा फवारा आणि फर्निचरचं पॉलिशही लांबच ठेवा. बॉडीला महिन्यातून एकदा कोरडं फडकं पुरे. चमक नसलेली मॅट गिटार घासघासून चमकवू नका, नाहीतर तिच्यावर तुकतुकीत डाग पडतात आणि ते जात नाहीत.

रंगपंचमीला गिटार घेऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण माळव्यात हा दिवस धुळवडीपेक्षा जोरात असतो. गुलाल पडला तर ओल्या फडक्यानं पुसायला धावू नका. कोरड्या मऊ ब्रशनं आधी झटका, आवाजाच्या भोकातला गिटार उलटी धरून हलकेच बाहेर काढा. पाणी लागलं की रंग लाकडाच्या रेषांत उतरतो.

आता हवेचं. कुमार गंधर्व १९४८ साली प्रकृतीसाठी इथून जवळच देवासला येऊन राहिले, ते इथल्या कोरड्या हवेसाठी. फुप्फुसाला मानवणारी ही हवा लाकडाला मानवतेच असं नाही. मे महिन्यात लाकूड आक्रसतं, तेव्हा फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं. पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता गिटारला बरी. कुलरच्या थेट झोतात ती टांगू नका. एका बाजूनं उन्हाळा आणि दुसऱ्या बाजूनं ओला वारा, हे तिला सोसत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर दहा मिनिटंही नको. आत डिंक मऊ पडतो आणि ताराच ब्रिजला उचकटून काढतात. ते दुरुस्त करायचा खर्च कधी कधी गिटारच्या किमतीला टेकतो.

घरात कुणाची गिटार वर्षभर पेटीतच पडून असेल आणि गणपतीच्या कार्यक्रमातच बाहेर निघत असेल, तर यंदा ती निदान आठ दिवस आधी काढा. पुसा, तारा बदला. नव्या तारा पहिले दोन-तीन दिवस ताणत राहतात आणि सूर सोडतात. त्या आरतीच्या दिवशीच चढवल्या, तर वाजवण्यापेक्षा खुंट्या पिळण्यातच संध्याकाळ जाईल.