मध्यस्थी चालते, अध्यक्षपद नको

नागालँड विधानसभेने नोव्हेंबर २०२३ मध्ये नवा नगरपालिका कायदा संमत केला. महिलांसाठी ३३ टक्के जागा त्यात कायम राहिल्या. गळाले ते अध्यक्षपदांचे आरक्षण. बायकांनी सभागृहात बसावे, सभा चालवण्याची हमी मात्र मागू नये, असा हा तोडगा. तोही राजीखुशीचा नव्हे. त्याच वर्षी मार्चमध्ये जुना कायदाच रद्द करून निवडणूक टाळण्याचा प्रयत्न झाला होता. सर्वोच्च न्यायालय आडवे आले, म्हणून सदस्यत्वापुरते तरी आरक्षण वाचले.

एका गाळलेल्या तरतुदीची एवढी दखल घ्यायची, कारण ते राज्य नागालँड आहे. नागा मदर्स असोसिएशन ही १९८४ पासूनची तिथली स्वयंसेवी संघटना. नागा गट एकमेकांचीच माणसे टिपत होते, तेव्हा १९९४ मध्ये तिने ‘आता रक्त सांडू नका’ अशी मोहीम उघडली. मेलेला कोणत्या गटाचा, हे न विचारता या बायका अंत्यसंस्काराला जात. दिल्लीशी बोलत, भूमिगतांशीही बोलत. त्यासाठी पायपीट करून म्यानमारमधल्या छावण्या गाठत. भूमिगतांचा सरकारशी झालेला १९९७ चा युद्धविराम टिकावा म्हणूनही त्या गटागटांत फिरत राहिल्या. बायकांनी बंदूकधाऱ्यांपुढे जाणे आपल्या रूढीत बसते का, हा प्रश्न तेव्हा कोणत्याही जमातीच्या ‘होहो’ला, म्हणजे परिषदेला, पडल्याचे ऐकिवात नाही.

तो पडला, या संघटनेने नगरपालिकेतल्या जागा मागितल्या तेव्हा. लगेच नागा रूढींना संरक्षण देणारे घटनेचे कलम ३७१ (अ) पुढे आले. रूढी धोक्यात आली. २०१७ मध्ये आरक्षणासह निवडणूक जाहीर होताच राज्य पेटले. दिमापुरात पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण गेले. कोहिमात नगरपरिषदेची कचेरी जाळली गेली. मुख्यमंत्री झेलियांग यांना पायउतार व्हावे लागले. निवडणूक अर्थातच बारगळली. ती झाली थेट २०२४ मध्ये. त्याआधीची होती २००४ सालची. बायकांना जागा देण्यापेक्षा शहरांचा गाडा वीस वर्षे निवडणुकीविना हाकणे नेत्यांना सोयीचे वाटले.

रूढीचा दाखला द्यायचाच, तर पुरता द्यावा. तांगखुल नागांत ‘पुखरेला’ची प्रथा होती. एका गावात जन्मलेली आणि दुसऱ्या गावात दिलेली स्त्री दोन्ही गावांची मानली जाई. लढाई जुंपली की ती मध्ये उभी राही आणि तिच्यावर कोणी हत्यार उगारत नसे. म्हणजे रणांगणात जाण्याचा मान बायकांना परंपरेनेच दिलेला होता. ग्रामसभेत बसण्याचा दिला नव्हता. आजचे राजकारण हीच वाटणी नव्या कायद्याच्या भाषेत चालू ठेवते आहे. शिवाय नगरपालिका ही काही पूर्वजांनी घालून दिलेली संस्था नव्हे. तिथल्या जागांना पूर्वजांची मनाई होती, हे म्हणणे कसे टिकावे?

आणि हा केवळ ‘होहों’चा दोष नाही. ३ ऑगस्ट २०१५ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या साक्षीने नागा प्रश्नावरचा आराखडा करार झाला. सरकारतर्फे सही आर. एन. रवी यांची, नागा बाजूने एनएससीएन (आयएम) या भूमिगत गटाचे नेते मुइवा आणि त्यांच्या सहकाऱ्याची. छावण्यांपर्यंत चालत गेलेल्यांपैकी एकीचीही सही त्यावर नाही. ज्यांनी शस्त्रे उचलली त्यांना वाटाघाटीत जागा मिळाली. ज्यांनी ती खाली ठेवायला लावण्यासाठी उंबरे झिजवले त्यांच्या वाट्याला कौतुक आले. दशक उलटले तरी अंतिम करार व्हायचाच आहे.

स्वयंसेवी संघटनांच्या शांतताकार्याचे गोडवे सगळीच सरकारे गातात. त्यांच्यावर लोकांचा विश्वास असतो, हे खरेच. पण तो विश्वास फुकटात वापरायला मिळतो, म्हणूनच त्या हव्याशा वाटतात. जोखीम त्यांनी घ्यायची, अधिकार इतरांनी वाटून घ्यायचा. संघटनेने मागणी केली की ती एकाएकी ‘राजकारण करणारी’ ठरते. हा व्यवहार संघटनांनीही फार काळ मुकाट्याने चालू दिला.

उद्या युद्धविराम डळमळला, तर सरकार आणि जमातींचे नेते पुन्हा याच बायकांच्या दारात येतील. बायकांनी मध्यस्थीला जरूर जावे. मात्र निघण्याआधी दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: वाटाघाटीत जागा आणि करारावर सही.