राजा कोणाचा?

गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात एका बाळाचे नाव 'राजा' ठेवायचे ठरले. आजीची हौस. लगेच एक जाणकार उठले : "हा गैरइस्लामी लफ्ज आहे, बदला!" बापाने मुकाट्याने बदलले. मीही तिथे होतो, गप्प बसलो. ते गप्प बसणे अजून टोचते, म्हणून हे लिहितो आहे.

लफ्जाला धर्म असतो हे या जाणकारांना कोणी सांगितले? मलेशियात नऊ राज्यांना वंशपरंपरेचे राज्यकर्ते आहेत. सात ठिकाणी सुलतान; पर्लिसमध्ये मात्र 'राजा'. तिथले सय्यद सिराजुद्दीन, घराणे जमालुल्लैल, म्हणजे खुद्द सादात, २००० साली पर्लिसचे राजा झाले आणि २००१ ते २००६ या काळात अख्ख्या मलेशियाचे राष्ट्रप्रमुख होते. सय्यदाला जे चालते ते आमच्या मोहल्ल्याला चालत नाही! तिकडे वारसदाराला 'राजा मुडा' म्हणतात. देशाच्या राणीच्या किताबात आपली 'परमेश्वरी' 'परमाइसुरी' होऊन बसली आहे. जोहोरच्या अबू बकर यांनी १८६८ मध्ये 'महाराजा' किताब घेतला, सुलतान ते १८८५ मध्ये झाले. त्या मुलखात हा शब्द इस्लामच्या आधी पोचला होता. लोकांनी कलमा पढला, शब्द मात्र टाकला नाही.

एवढे दूर तरी कशाला जायचे? मसऊदी हा अरब प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ ला, आपल्या कोकणात सैमूरला आला. सैमूर म्हणजे चौल. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान आढळले. मुलूख राष्ट्रकूटांचा. त्यांचे 'वल्लभराज' हे बिरुद प्राकृताच्या वाटेने अरबांच्या जिभेवर 'बल्हरा' झाले होते. या बल्हराइतकी मुसलमानांची इज्जत इथला दुसरा कोणी राजा करत नाही, असे मसऊदी लिहून गेला. तो किताब लिहिताना त्याला तौबा करावीशी वाटली नाही.

पलीकडच्या शुद्धिवाद्यांनी यावर हसू नये. 'पेशवा' हा फारसी शब्द. शनिवारवाड्यात तो कोणाला परका वाटला होता? त्यांनी मराठीतून फारसी हुसकावायची, आमच्यांनी संस्कृत. मग बोलायचे कशात, हातवाऱ्यांत?

त्या बाळाचे कागदावरचे नाव आता वेगळे आहे. आजी मात्र 'राजा' म्हणूनच हाक मारते, आणि ते रांगत तिच्याकडे जाते.