विद्यापीठांच्या लढाईत परदेशी विद्यार्थी निराधार

अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचे भवितव्य केवळ त्याच्या गुणवत्तेवर ठरत नाही. त्याचे विद्यापीठ सरकारशी लढते की तडजोड करते, यावरही ते अवलंबून असते, हे २०२५ मधील घडामोडींनी दाखवून दिले.

या वादाचे मूळ गाझातील युद्धात आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर अमेरिकी विद्यापीठांच्या आवारात निदर्शने झाली. ज्यूविरोधी वातावरणाला विद्यापीठे आळा घालत नाहीत, असा ठपका ट्रम्प सरकारने ठेवला आणि प्रवेश व नेमणुकांच्या पद्धतीत बदल मागितले. एप्रिल २०२५ मध्ये हार्वर्डने या मागण्या फेटाळताच त्याचे सुमारे २२० कोटी डॉलरचे अनुदान गोठविण्यात आले. पुढे २२ मे रोजी परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची त्याची मान्यताच रद्द करण्यात आली. सुमारे ६,८०० परदेशी विद्यार्थ्यांपुढे दुसरे विद्यापीठ गाठणे किंवा कायदेशीर वास्तव्य गमावणे, एवढेच पर्याय उरले.

दुसऱ्याच दिवशी हार्वर्डने न्यायालयात धाव घेतली. ही कारवाई सूडबुद्धीची असून अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आणि विहित प्रक्रियेचा भंग करणारी आहे, असा त्याचा दावा होता. परदेशी विद्यार्थी घेणे हा हक्क नसून सवलत आहे, अशी सरकारची भूमिका होती. बोस्टनच्या संघीय न्यायालयातील न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी तात्काळ स्थगिती दिली आणि जूनमध्ये अंतरिम मनाई हुकूम काढला. अनुदान रोखणे बेकायदा असल्याचा निकालही त्यांनी सप्टेंबरमध्ये दिला.

तथापि, हा दिलासा कितपत टिकाऊ, हा प्रश्न राहतोच. परदेशी नागरिकांचा प्रवेश रोखण्याचे व्यापक अधिकार १९५२ च्या कायद्याने अध्यक्षांना दिले आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रवासबंदीच्या खटल्यात ते उचलून धरले आहेत. खटला चालू असतानाही विद्यार्थ्याचे शैक्षणिक वर्ष थांबत नाही. मनाई हुकूम त्याला वेळ मिळवून देतो, निश्चिंतता देत नाही.

शिवाय प्रत्येक विद्यापीठ हार्वर्ड नाही. ५,००० कोटी डॉलरहून अधिक निधी असलेल्या संस्थेला दीर्घ लढाई परवडते. कोलंबिया विद्यापीठाने मात्र जुलै २०२५ मध्ये २२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य करून समझोता केला. निलंबित वा बडतर्फ केलेल्या परदेशी विद्यार्थ्यांची माहिती सरकारला पुरविण्याचे कलमही त्यात आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या वास्तव्याच्या नोंदी सरकारने अचानक रद्द केल्या. त्यांपैकी काहींच्या नावावर वाहतुकीचे किरकोळ गुन्हे तेवढे होते. त्या वेळी अनेक विद्यार्थ्यांनी स्वतः न्यायालयाची पायरी चढली आणि महिनाअखेरीस सरकारला नोंदी पूर्ववत करणे भाग पडले.

भारताला याची झळ अधिक बसते. २०२३-२४ मध्ये अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर जाऊन तिने चीनलाही मागे टाकले. मे २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींसाठी नव्या वेळा देणे थांबविण्यात आले. जूनमध्ये त्या सुरू झाल्या, पण समाजमाध्यमांवरील खाती तपासणीसाठी खुली ठेवण्याच्या अटीवर. परिणामी, विद्यापीठात पाऊल ठेवण्याआधीच विद्यार्थी आपले मत मांडताना बिचकू लागतो. मुक्त चर्चेची परंपरा सांगणाऱ्या विद्यापीठांचे हे सर्वांत मोठे नुकसान होय.

मुंबई-पुण्यातील पालक कर्ज काढण्यापूर्वी विद्यापीठाचा दर्जा, शुल्क आणि नोकरीची शक्यता पारखून घेतात. संकटसमयी हे विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्याला कायदेशीर साह्य देईल काय, हा प्रश्नही आता प्रवेश घेण्याआधीच विचारावा लागेल.