देवाचा आरसीए कोणी मागितला होता?

मंडळी, आयटीवाल्यांना आरसीए म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: रूट कॉज अ‍ॅनालिसिस. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन झोपलं की दुसऱ्या दिवशी क्लायंटला एक डॉक्युमेंट पाठवावं लागतं. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, वगैरे. यात दोन गोष्टी कोणी न शिकवताही कळतात. सिस्टिम उभी राहीपर्यंत 'का' विचारत बसायचं नाही, आणि लॉग न बघता कारण ठोकून द्यायचं नाही. तरी प्रत्येक टीममध्ये एक महाभाग असतोच. लॉग उघडायच्या आधीच "नेटवर्कवाल्यांचा प्रॉब्लेम आहे" म्हणून तो मोकळा होतो. मजा म्हणजे त्याच्या आरसीएमध्ये त्याची स्वतःची टीम कधीच सापडत नाही.

अमेरिकेतले काही नामांकित पाद्री मला अगदी या महाभागासारखे वाटतात.

११ सप्टेंबर २००१ ला मी बालवाडीत होतो, त्यामुळे हे सगळं मी मोठेपणी व्हिडिओवर पाहिलेलं. टॉवर पडून दोन दिवस झाले होते, ढिगारा अजून धुमसत होता, लोक आपल्या माणसांचे फोटो भिंतींवर चिकटवत फिरत होते. आणि १३ तारखेला पॅट रॉबर्टसन यांच्या टीव्ही कार्यक्रमात जेरी फॉलवेल यांनी आरसीए सादर केला! देवाने अमेरिकेवरचं संरक्षण काढून घेतलं. त्याला गर्भपात करणारे, स्त्रीवादी, समलिंगी लोक आणि नागरी हक्कवाल्या संघटना जबाबदार. रॉबर्टसन यांनी मान डोलावली. बोंबाबोंब झाल्यावर फॉलवेल यांनी माफी मागितली. पण रॉबर्टसन यांची सवय काही गेली नाही. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, आणि दुसऱ्याच दिवशी, माणसं काँक्रीटखाली जिवंत असताना, यांनी सांगितलं की हैतीच्या लोकांनी फ्रेंचांपासून सुटायला पूर्वी सैतानाशी करार केला होता.

हे फक्त पाद्रीच करतात असं समजून आपण हसायचं कारण नाही बरं का. जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर खुद्द गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं म्हटलं होतं. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला, आणि गांधीजींनी तो विरोध आपल्याच 'हरिजन'मध्ये छापला. (हा मोठेपणा रॉबर्टसन यांच्या चॅनेलवर कल्पून बघा!) तरीही गांधीजींचं बोट निदान आपल्याच समाजाच्या पापाकडे होतं. फॉलवेल यांच्या यादीत एकसुद्धा माणूस त्यांच्या चर्चमधला नव्हता. माझी सोपी चाचणी अशी: दुर्घटनेचं कारण सांगताना पाद्रीबुवांचे जुने विरोधकच नेमके दोषी निघत असतील, तर तो देवाचा निरोप नाही, तो त्यांचा जुनाच जाहीरनामा आहे.

गंमत म्हणजे या विषयावर त्यांच्याच ग्रंथात स्पष्ट उतारा आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय. यरुशलेममध्ये शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, आणि पिलाताने काही गालीलकरांना ठार मारलं होतं. एक अपघात, एक सरकारी हत्या. येशू लोकांना विचारतो, ही माणसं बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. पुढे तो ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगतो हे खरं, आणि कडक मंडळी नेमका तेवढाच भाग उचलतात. पण ते बोट ऐकणाऱ्यांकडे आहे, मेलेल्यांकडे नाही.

मग पाद्रीने त्या पहिल्या रविवारी करायचं काय? समोर तिसऱ्या रांगेत कोणाचा तरी नवरा, कोणाची तरी मुलगी गेलेली आहे. प्रवचन तर द्यायचंच आहे.

मला आवडलेलं एक उदाहरण फिलिपिन्सचं. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे हैयान नावाचं चक्रीवादळ आलं, सहा हजारांवर माणसं गेली. जानेवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस टॅक्लोबानला गेले, तेही दुसरं वादळ येत असताना. पिवळा स्वस्तातला रेनकोट घालून भर पावसात उभे राहिले, लिहून आणलेलं प्रवचन बाजूला ठेवलं आणि कबूल केलं की ज्यांचं सगळं गेलंय त्यांना काय सांगावं हे मला कळत नाही. आता कोणी म्हणेल, सव्वा वर्षाने येऊन 'कळत नाही' म्हणणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. शंभर कोटींवर लोक ज्याच्या तोंडाकडे उत्तरासाठी बघतात, त्याने हे म्हणायला छाती लागते.

माझ्या टीममधला एक मित्र नगरकडचा (हो, आता अहिल्यानगर). त्याचे वडील तिकडे एका छोट्या मंडळीचे पाळक. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्यांनी इतके अंत्यविधी केले की नंतर मोजणंच सोडून दिलं. मी त्याला विचारलं, तेव्हा ते प्रवचनात काय सांगायचे रे? तो म्हणाला, "प्रवचन आठवत नाही, पण फॉर्म आठवतात." कोविडने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये मदत जाहीर झाली, तेव्हा याचे बाबा लोकांचे मृत्यूचे दाखले, रिपोर्ट, बँकेची पासबुकं गोळा करून ऑनलाइन अर्ज भरून देत होते. ओटीपी यायचा गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल कुलूप लागलेला. मग बाबांचा रात्री अकराला पोराला फोन, आता काय करू? देवाने असं का केलं, असं कोणी विचारलं तर म्हणे ते त्या माणसाजवळ बसून राहायचे, आणि थोड्या वेळाने आधार कार्ड मागायचे.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की गप्प बसा आणि मदत करा, एवढंच याचं म्हणणं. नाही, इथे एक मोठी गोची आहे.

१५ सप्टेंबर १९६३. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये एका कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट चर्चमध्ये रविवारी सकाळी बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा. बॉम्ब ठेवणारे कू क्लक्स क्लॅनचे होते; त्यातल्या पहिल्याला शिक्षा व्हायला १९७७ उजाडलं. तीन दिवसांनी तिघींच्या अंत्यविधीत पाळक बोलायला उभे राहिले, त्यांचं नाव मार्टिन लूथर किंग. त्यांनी आईवडिलांचं सांत्वन केलंच, पण या मुलींचं मरण रंगीत काचांच्या आड सुरक्षित बसून गप्प राहिलेल्या प्रत्येक धर्मोपदेशकाला काहीतरी सांगतंय, असंही सुनावलं. त्या दिवशी 'देवाची इच्छा अगाध आहे' म्हणून खाली बसणं म्हणजे खुन्यांना पदराआड घेणं झालं असतं.

म्हणजे 'का' हे दोन आहेत. देवाने का होऊ दिलं, याचे लॉग कोणाकडेच नाहीत; तिथे पाद्रीने तोंड बंद ठेवावं. माणसांनी काय केलं किंवा काय केलं नाही, याचे लॉग बहुतेक वेळा असतात. तिथे गप्प बसायची त्याला मुभा नाही. बरेच पाद्री याच्या बरोब्बर उलटं करतात.

४ जुलै २०२५ ला टेक्सासमध्ये ग्वादालूप नदीला पूर आला आणि कॅम्प मिस्टिक या मुलींच्या ख्रिस्ती शिबिरातल्या सत्तावीस मुली आणि ताया गेल्या. त्यांच्या आईजवळ बसून पाद्री 'ती देवाघरी सुरक्षित आहे' म्हणत असेल, तर त्यात नाक खुपसणारा मी कोण! पण त्या काउंटीत नदीकाठी इशाऱ्याचे भोंगे बसवायची चर्चा वर्षानुवर्षं होऊन पैशापाशी अडली होती. त्या बैठकीत तेच वाक्य चालणार नाही. तिथे पाद्रीने उठून भोंग्यांचं काय झालं ते विचारायला हवं.

आता शेवटची गोष्ट, आमच्यासारख्या डेटावाल्यांची आवडती. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लिस्बनमधली चर्चेस गच्च भरलेली, आणि भूकंप. मागोमाग त्सुनामी, मग आग. गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या जेझुइट पाद्रीने छापून टाकलं की कारणं नैसर्गिक वगैरे काही नाहीत, ही तुमची पापं आहेत, प्रायश्चित्त घ्या. (पुढे त्याचे फार हाल झाले, १७६१ मध्ये त्याला मारलं. ते राजकारण वेगळं आणि भयंकर आहे.) त्याच वेळी पोंबाल या मंत्र्याने देशभरातल्या चर्चेसना एक प्रश्नावली धाडली. धक्का किती वाजता बसला? किती वेळ टिकला? समुद्र आधी चढला की ओसरला? जमिनीला भेगा पडल्या का, त्यातून काय आलं? तुमच्या भागात किती माणसं मेली?

उत्तरं लिहिली गावोगावच्या साध्या पाद्र्यांनी. ज्यांना त्यांनी स्वतःच्या हाताने पुरलं होतं, त्यांचीच मोजदाद करून. त्यातली पुष्कळ उत्तरं लिस्बनच्या दफ्तरखान्यात आजही आहेत आणि भूकंपाचे अभ्यासक ती अजून वापरतात.