पाठ आहे, पण ठाऊक आहे का?



गेल्या श्रावणातली गोष्ट. एका वाडीवर सोयाबीनच्या प्लॉटची पाहणी करायला गेलो होतो. पाहणी उरकते न उरकते तोच पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि मी शाळेच्या ओसरीत आसऱ्याला उभा राहिलो. शाळा चौथीपर्यंतची, शिक्षक दोन. बाई म्हणाल्या, "साहेब, आलाच आहात तर आमच्या पोरांची परीक्षा घ्या. विज्ञानाचं काहीतरी विचारा." तिसरी-चौथीची मिळून सतरा मुले पुढे मांडी घालून बसली. पाऊस थांबायचे लक्षण नव्हते. म्हटले, चला.

पोरांची भीड चेपावी म्हणून पहिला प्रश्न पुस्तकातलाच विचारला. बाष्पीभवन म्हणजे काय? सतरा तोंडांतून एका सुरात उत्तर आले, "पाण्याची वाफ होण्याच्या क्रियेला बाष्पीभवन असे म्हणतात." 'असे म्हणतात'वर तर भजनासारखा ठेका होता. बाईंचा चेहरा खुलला.

कोपऱ्यात माठ होता. मी विचारले, "मग या माठातलं पाणी गार का होतं?" सगळे गप्प. एक जण म्हणाला, "मातीचा असतो म्हणून." दुसरा म्हणाला, "माती थंड असते." मागच्या रांगेतली एक बारकी मुलगी मात्र म्हणाली, "पण सायेब, आत्ता कुठं गार होतंय? उन्हाळ्यात होतंय."

मंडळी, त्या दिवसातले सगळ्यात चांगले उत्तर हेच. खरे तर उत्तर नव्हे, तो प्रश्न होता. माठातून पाणी झिरपते, बाहेरच्या अंगाला त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना माठाची उष्णता घेऊन जाते. पावसाळ्यात हवेतच ओल भरलेली असते, म्हणून वाफ सावकाश होते आणि माठ फारसा गारवा देत नाही. त्या मुलीला 'बाष्पीभवन' शब्द पाठ होता की नाही देव जाणे. पण माठ तिने हात लावून पाहिला होता, दोन्ही ऋतूंत.

माझ्या पिशवीत प्लॉटमधून उपटलेले सोयाबीनचे झाड होते. ते पुढे केले. झाड आपले अन्न कोठून घेते? पुस्तकातले उत्तर त्यांना येत होते. पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. पण झाड हातात दिल्यावर तीच मुले म्हणाली, "जमिनीतून." एक जण म्हणाला, "युरियातून." आता हसू नका, कारण बांधावर हाच प्रश्न मोठ्यांना विचारला तर मला हेच उत्तर मिळते, आणि मोठ्यांत तर कोणी पानांचे नावही घेत नाही.

साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी बेल्जियममध्ये व्हॅन हेल्माँट नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी एका कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून भरली आणि सव्वादोन किलोचे वाळुंजाचे रोप लावले. पाच वर्षे नुसते पाणी घातले. मग झाड उपटून तोलले, तर ते भरले जवळजवळ ७७ किलो. माती वाळवून पुन्हा तोलली, तर घट किती? साठ ग्रॅमसुद्धा नाही! हा प्रयोग त्यांच्या मागे १६४८ साली छापला गेला. त्यांनी स्वतः निष्कर्ष काढला की झाड सगळे पाण्यापासूनच होते. तो अर्धाच खरा होता. पाने हवेतला कर्ब वायू घेतात हे पुढच्या लोकांनी शोधले. पण माती तोलून पाहायचे सुचणे यातच सगळे आले. खत झाडाला हवेच, ते आपल्या वरणातल्या मिठासारखे. मिठावाचून वरण घशाखाली उतरत नाही, पण मीठ खाऊन कोणाचे पोट भरत नाही.

त्याच झाडाच्या मुळांवर बारीक गाठी होत्या. या काय आहेत म्हटल्यावर चौथीतला एक मुलगा ठामपणे म्हणाला, "रोग पडलाय. आमच्या दादांनी परवा बघितला, आता औषध आणणार हायेत." मी नखाने एक गाठ फोडून दाखवली. आतून गुलाबी निघाली. या गाठीत रायझोबियमचे जिवाणू राहतात, हवेतला नत्र धरून झाडाला देतात, आणि आतला गुलाबी रंग हे त्यांचे काम चालू असल्याची खूण. अशा उभ्या सोयाबीनला वरून युरिया फेकला तर गाठी कमी धरतात. म्हणजे फुकट राबणाऱ्या गड्याला घरी बसवून पदरचे पैसे मोजायचे. सूत्रकृमीच्याही गाठी असतात, पण ती मुळाचीच सूज असते, चोळली तरी सुटत नाही. जिवाणूची गाठ अंगठ्याने चोळली की अलगद सुटते. एवढी एक पारख त्या पोराने घरी जाऊन सांगितली असेल, तर त्याच्या दादांचे औषधाचे पैसे वाचले असतील.

इथपर्यंत सगळे हसतखेळत चालले होते. मग मी पिशवीतून कीटकनाशकाच्या लेबलाचे छापील चित्र काढले. आपल्याला ठाऊक आहे, डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. मी विचारले, "हिरवा असला तर काय समजायचं?" चार-पाच जण एकदमच म्हणाले, "चांगलं असतं!" एकाने पुस्ती जोडली, "झाडाचं असतं." बाप हो, हिरवासुद्धा विषच. सौम्य आहे ते लालच्या मानाने. मग विचारले, घरी औषध कोठे ठेवतात? उत्तरे ऐकून माझ्याच पोटात गोळा आला. "माळ्यावर." "गोठ्यात, पेंडीच्या पोत्यामागं." "चुलीमागच्या फळीवर, गोडेतेलाच्या बाटलीशेजारी." आणि रिकाम्या कॅनचे काय करता, तर एक मुलगी अभिमानाने म्हणाली, "आम्ही चांगला घासून धुतलाय, शेतात पाणी न्यायला."

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलो नसाल. ती तर मोठी, कळती माणसे होती. कॅन घासला म्हणून विष जात नाही. रिकाम्या डब्याला भोके पाडून तो निकामी करायचा, पाण्याच्या जवळपास फेकायचा नाही, आणि भरलेला डबा कुलपात. ही परीक्षा पोरांची नव्हती, आपली होती, आणि त्यात कोणाला किती गुण पडले ते ज्याचे त्याने पाहावे.

विजेचे आणि सापाचे प्रश्न मुलांनी चटकन सोडवले. वीज कडाडताना झाडाखाली उभे राहायचे नाही, साप चावला तर थेट दवाखाना. पंचवीस वर्षांपूर्वी अशाच शाळांत मला 'मांत्रिक' हे उत्तर मिळत असे. तेवढे पाणी पुलाखालून गेले म्हणायचे.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम राखून ठेवला होता. पोषण आहाराच्या खोलीतून मीठ, साखर, चहाचा चमचा आणि लिटरभर पाणी मागवले. म्हटले, धाकट्या भावंडाला जुलाब लागलेत, घरात मोठे कोणी नाही, काय कराल? "मीठ-साखरेचं पाणी!" पुन्हा एका सुरात. मग म्हटले, करून दाखवा. एका मुलाने पुढे येऊन शीग लावून दोन चमचे मीठ टाकले. "ताकद येती," म्हणाला. एकीने साखर मूठभर घेतली आणि मीठ विसरली. सतरा जणांत बरोबर माप एकालाही आले नाही. दोघांनी तर प्रामाणिकपणे सांगितले की घरी आजी अशा वेळी पाणीच बंद करते, कारण पाजले की जुलाब वाढतात.

इथे मला माझे सांगितलेच पाहिजे. १९७८ साली मी तिसरीत होतो. 'पाण्याचे उपयोग लिहा' या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. त्याच पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला जुलाब लागले. दीड वर्षाची होती. घरच्यांनी मायेपोटीच पाणी तोडले. ती ओठ हलवत होती आणि पाण्याचे सगळे उपयोग पाठ असलेला मी उशाशी बसून होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. कोणाला दोष देऊ? कोणालाच माहीत नव्हते. पण माहीत नव्हते म्हणजे आमच्या घरी माहीत नव्हते. त्याआधी सात वर्षे, १९७१ साली, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजून वाचवले होते. मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. बंगालात ठाऊक झालेली गोष्ट आमच्या उंबऱ्यापर्यंत यायला सात वर्षेही पुरली नाहीत.

म्हणून माप नीट लक्षात ठेवा आणि पोरांकडून हाताने करून घ्या. उकळून गार केलेले एक लिटर पाणी. त्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे शीग बोटाने उतरवलेला. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते फेकून नवे करा, कारण जास्त मीठ लेकराला घातक ठरते. चमच्याचमच्याने, थोडे थोडे, पण देत राहा. अंगावरचे दूध तोडू नका. केलेले पाणी चोवीस तासांनंतर वापरू नका. आरोग्य केंद्रातली पुडी मिळाली तर ती उत्तमच, मात्र ती किती पाण्यात घालायची ते तिच्यावर वाचा, सगळ्या पुड्या लिटरच्या नसतात. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले किंवा मूल पाणीही घेईना, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

बाई थोड्या नाराज झाल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, पेपरात यांना चांगले गुण पडतात हो." पडत असतील, आणि त्यात बाईंची मेहनत आहे हेही खरे. दोन शिक्षकांनी चार वर्ग ओढायचे, वर कागदी कामे, मग पोरांच्या हातात चमचा द्यायला सवड कोठली? मी त्यांना मध्य प्रदेशातली गोष्ट सांगितली. होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, १९७२ साली १६ शाळांत एक निराळा उपक्रम सुरू झाला. मुले सहावी ते आठवीची, आपल्यासारख्याच खेड्यांतली. विज्ञान सगळे प्रयोग करून शिकायचे. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा, आणि लेखीबरोबर प्रयोगाची परीक्षा वेगळी. पुस्तक समोर असताना पाठांतराचा काय उपयोग? प्रश्नच असे की डोके चालवावे लागे. हा उपक्रम पुढे जिल्हाभर पसरला आणि तीस वर्षे चालला. २००२ साली तो बंद करण्यात आला, याची मला आजही हळहळ वाटते.

पण घरी अशी परीक्षा घ्यायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. भाकरी करताना विचारा, भाकरी फुगते ती कशाने? पहाटे गवतावर पाणी असते, पाऊस तर पडला नाही, मग आले कोठून? मावा पडलेल्या फांदीवर ढालकिडा दिसला तर विचारा, हा पान खातोय की मावा? तो मावा खातो, पण लगेच सांगू नका. पोराला तिथे पाच मिनिटे बसू द्या. आणि पोराने उलटा आपल्यालाच प्रश्न टाकला आणि उत्तर येत नसले, तर "गप बस, शहाणा आलाय मोठा" असे म्हणू नका. "मला ठाऊक नाही, बघू या," म्हणा. कृषी पदवी घेऊन तीस वर्षे नोकरी झाली, मला हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी म्हणावे लागते.

पाऊस ओसरला तसा मी निघालो. माठाची शंका काढणारी ती मुलगी फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "सायेब, बी पेरताना उलटं पडलं, तर मूळ वर येतं का?" उत्तर मला येत होते. पण म्हटले, "लावून बघ." काचेचा ग्लास, आतून ओला कागद, आणि कागद व काच यांच्यामध्ये घेवड्याचे दाणे, एक सुलटा, एक उलटा, एक आडवा. बाईंना तेवढे सांगून गाडीला किक मारली.

आठ दिवसांनी बाईंचा फोन आला. तिन्ही दाण्यांची मुळे खालीच गेली होती, उलट्याचे तर वळसा घालून. मग त्या मुलीने ग्लासच उलटा टांगला. दोन दिवसांनी पुन्हा फोन. मुळांची टोके पुन्हा खाली वळली होती. "आता ती म्हणतेय," बाई सांगत होत्या, "ग्लास रोज थोडा थोडा फिरवतच ठेवला, तर मूळ कुणीकडं जाईल? काय सांगू हिला?"

मी म्हटले, "काही सांगू नका. फिरवू द्या."