काम देणारा पैसे कशाचे मागतो?

आमच्या वस्तीतला एक पोरगा. भीमजयंतीच्या स्टेजवर गायला उभा राहिला की शेवटच्या रांगेतली माणसं पुढे सरकतात, असा गळा. गेल्या वर्षी त्याला व्हॉट्सॲपवर निरोप आला : मालिकेत भूमिका पक्की, फक्त नोंदणीचे अडीच हजार भरा. भरले. मग पोर्टफोलिओचे पंधरा हजार. मग 'आर्टिस्ट कार्ड'. त्यासाठी आईने बचत गटातून कर्ज काढलं. चौथ्यांदा मागणी आली तेव्हा घरात काही उरलं नव्हतं. दोन दिवसांत तो नंबर बंद.

पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, "पैसे तूच दिलेस ना? दिवाणी मामला आहे. आणि हे अंधेरीचं प्रकरण, तिकडे जा."

यातलं 'तिकडे जा' तर सरळ खोटं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवून घ्यावीच लागते. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा, ठाण्याच्या पायऱ्या नंतर चढा. तिथे वेळ जातो तसा पैसा पुढे सरकतो.

'दिवाणी मामला' हे उत्तर जास्त चिवट आहे, कारण त्याला कायद्यातल्या फटीचा आधार आहे. न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण फसवण्याचा हेतू पहिल्यापासून होता, हे सिद्ध करावं लागतं. नुसता शब्द मोडणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात सांगितलं आहे. भामट्याला हे पाठ असतं. तो चार फोटो काढून देतो, एक खोटी ऑडिशन घेतो आणि म्हणतो, "आम्ही सेवा दिली, निवड झाली नाही त्याला आम्ही काय करणार?"

१९८१ चा सिने-कामगार कायदा लेखी करार मागत होता. नव्या श्रमसंहितेत दृक्-श्राव्य कामगारांसाठीही तशीच तरतूद आहे. पण ते संरक्षण काम मिळाल्यावरचं. आमचा पोरगा तर दारातच लुटला गेला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : हेतू शोधत बसू नका, काम मिळवून देण्यासाठी आगाऊ पैसे घेणं हाच गुन्हा ठरवा. हे काही स्वप्नरंजन नाही. हॉलिवूड ज्या राज्यात आहे त्या कॅलिफोर्नियाने २००९ साली असा कायदा केला. तिथे कलाकाराचं प्रतिनिधित्व करणाऱ्याने आगाऊ फी घ्यायचीच नाही; कमिशन घ्यायचं ते कलाकाराने कमावल्यावर. अभिनयाचे वर्ग किंवा कामांच्या याद्या विकणाऱ्यांना ५० हजार डॉलरचा बाँड भरावा लागतो, आणि कलाकाराला १० कामकाजाच्या दिवसांत करार रद्द करता येतो. कामगाराकडून फी घेऊ नये, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करारही खासगी एजन्सींना सांगतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

आपल्यातलेच काही शिकलेले म्हणतात, पोरगा हावरट होता. त्यांना विचारतो, ज्याचा मामा निर्माता आहे त्याला कोणी नोंदणी फी मागतं का? त्या धंद्यात शिरायला ओळख लागते, आणि ओळख कुणाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साठली आहे हे मी सांगायला नको. ज्याच्याकडे ती नाही त्याच्याकडून तिची किंमत रोखीत वसूल होते. तमाशात फडमालक कलावंताला उचल देतो आणि तिच्यावर राबवून घेतो. आगाऊ रकमेने माणूस बांधला जातो, हे १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने मान्य केलं. इथे तर उचल कलावंताच्याच खिशातून जाते, आणि कायदा म्हणतो, तू स्वखुशीने दिलीस.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. सरकारी सेवायोजन कार्यालयांची उभारणी त्याच खात्याकडून सुरू झाली. तिथे नाव नोंदवायला फी नाही. काम शोधणाऱ्याने कामाच्या दाराशी पैसे मोजायचे नाहीत, हे तत्त्व आपल्याला परक्या देशातून आणावं लागत नाही.

१४ एप्रिलला आपल्या गायकांसोबत स्टेजवर फोटो काढणाऱ्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हे विधेयक मांडावं. तोवर प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याने एक काम करावं : असा पोरगा किंवा पोरगी ठाण्यात निघाली की पावत्या, स्क्रीनशॉट आणि कलम १७३ ची प्रत घेऊन सोबत जावं. आम्ही पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत.